पाठीवरची पाण्याची बॅग आणि बारक्या गाडीची लाईन : आठ महिने पळून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, मी काय मोठी रनर बिनर नाही. लातूरला माझं मेडिकल आहे, दिवसभर काउंटरमागं उभं राहून राहून पाय सुजायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले चाला, चालायला लागले तर कंटाळा आला, मग पळायला लागले. पळणं म्हणजे आपलं जॉगिंगच. माझ्या स्पीडला गावातली कुत्रीसुद्धा मागं लागत नाहीत, मान वर करून बघतेत आणि परत झोपतेत. पण हळू असले तरी लांब जाते, आणि लांब जायचं म्हणलं की पाणी आलं, म्हणून ही पाठीवरची बॅग घेतली. हायड्रेशन व्हेस्ट म्हणतेत तिला. साइटवरचे रिव्ह्यू वाचले तर सगळे 'पार्सल वेळेत आलं, कलर मस्त, पैसा वसूल' एवढंच, अरे बाबा घालून पळालं का कुणी? म्हणून मीच लिहायला बसले, आता लांबलं तर लांबलं.

ब्रँडचं नाव घेत नाही. एक तर तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे ह्या किमतीतल्या बॅगा फोटोत बघितल्या तर सगळ्या एका आईची लेकरं वाटतेत, फक्त छाप वेगळा. सेलमधे २,१४९ ला पडली. जाकिटासारखी अंगात घालायची, पाठीला दीड लिटरची प्लास्टिकची पिशवी, तिची नळी खांद्यावरून पुढं येते आणि तोंडाशी एक रबरी बोंडी, ती दातानं दाबली की पाणी. छातीवर दोन खिसे आणि त्यात अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या, पाणी संपत जाईल तशा चिपटत जातेत. म्हणजे सगळं भरलं तर अडीच लिटर, अडीच किलो वजन. पहिल्यांदा भरून घातली तेव्हा आमचे हे म्हणाले, फवारणीला निघालीस काय. दिसतंय तसंच, खोटं कशाला बोलू.

आता एवढं पाणी कशाला, हातात बाटली घेऊन पळावं की, असं वाटेल. रोडवर पळत असाल तर खरंच गरज नाही, चौकाचौकात टपरी आहे. पण मी पळते रेल्वेच्या कडंकडंनं. लाईनवर नाही हं, ते आधी स्पष्ट करते. चालू रुळावरून पळणं म्हणजे गुन्हा आहे, रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिने कैद नाहीतर हजार रुपये दंड नाहीतर दोन्ही, आणि कायदा सोडा, मागून गाडी आली तर कलम लावायला कोण उरणार. मी लाईनच्या बाजूनं जी गाडीवाट असते, बांधाला धरून, तिथनं जाते. ह्या वाटेचं सुख म्हणजे चढ कळत नाही. रेल्वेला खडा चढ जमत नाही, म्हणून लाईन टाकणाऱ्यानंच जमीन कापून, भराव टाकून सगळं सपाटीला आणलेलं असतं. दम लागत नाही, पण चार-पाच किलोमीटरनं पोटऱ्या सांगतेत की बाई तू चढायलीस. आणि दुःख म्हणजे पाणी नाही. लाईन गावाला वळसा मारून जाते, स्टेशनला नाव एका गावाचं आणि स्टेशन दुसऱ्याच्या शिवारात. कळंब रोड म्हणून स्टेशन आहे, तिथं उतरून कळंब शोधायला निघालात तर वडाप धरावं लागेल, जवळ गाव आहे ते कसबे तडवळं. तेच ते तडवळं, जिथं १९४१ साली बाबासाहेब आंबेडकरांची महार-मांग वतनदार परिषद झाली होती.

आणि ह्या तडवळ्यापासनं येडशीपर्यंतचा तुकडा हा माझा सगळ्यात आवडता, कारण तिथं रूळच नाहीत. थोडं मागचं सांगावं लागंल. आपली जुनी गाडी म्हणजे बार्शी लाईट, अडीच फुटाची लाईन, मापानं सांगायचं तर ७६२ मिलिमीटर. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं बांधली, १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आत्ताचं कुर्डुवाडी ते बार्शी चालू झाली आणि वाढत वाढत १९११ ला लातूरला आली. त्याचं डोकं असं की एका अ‍ॅक्सलवर पाच टनापेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ चालतात, पूल हलके चालतात, खर्च कमी. माझ्या सासूबाई ह्या गाडीनं लातूरहून पंढरपूरला गेलेल्या, कुर्डुवाडीला उतरायचं, परत बसायचं, त्या अजून तिला 'बारकी गाडी' म्हणतेत. २००७-०८ ला ब्रॉडगेज झाली तेव्हा नवीन लाईन धाराशिवला नेली, तेव्हाचं उस्मानाबाद. जिल्ह्याचं गाव आणि शंभर वर्षं गाडी बाहेरून बाहेरून जायची, त्यामुळं ते बरोबरच झालं, पण त्या वळणात येडशी ते तडवळं ही सरळ जुनी वाट सुटली. लातुरातसुद्धा जुनी लाईन उठली, आता नुसतं पत्ता सांगायला उरलीय, 'जुन्या रेल्वे लाईनला या' म्हणतेत आणि तिथं रूळ सोडून सगळं आहे.

आता गंमत ऐका. ह्याच कॅलथ्रॉपनं नंतर इंग्लंडात स्टॅफर्डशायरला एक अशीच अडीच फुटी लाईन बांधली, लीक अँड मॅनिफोल्ड, १९०४ ला चालू झाली. ती बिचारी तीस वर्षांत बंद पडली, १९३४ ला. आणि १९३७ ला तिथल्या लोकांनी काय केलं, रूळ काढून त्याच पट्ट्यावर चालायची वाट केली. मॅनिफोल्ड वे नाव तिचं, आठ मैल, नदीकडंनं जाते, बोगदा पण आहे मधे, आजपण लोक सायकली घेऊन, पोरं घेऊन जातेत. एकाच माणसानं टाकलेल्या दोन लाईनी, तिकडची बंद पडल्यावर फिरायची वाट झाली, आपली येड्या बाभळीला दिली. माझी भाची अमेरिकेत मिसुरीला असते, तिच्याकडं केटी ट्रेल म्हणून असाच बंद रेल्वेचा पट्टा आहे, २४० मैल म्हणजे जवळजवळ ३८५ किलोमीटर, चुनखडीची बारीक खडी दाबून गुळगुळीत केलेला, मधे मधे जुन्या स्टेशनांच्या जागी थांबे, बाकडी. ती फोटो टाकते आणि मी इकडं काटे काढत बसते.

तर ही बॅग मला वाटतं असल्या ट्रेलसाठी केलेली असणार, कारण आमच्या वाटेवर तिचे सगळे गुण-दोष पहिल्याच दिवशी बाहेर पडले.

पहिला लांब रन दिवाळीनंतर केला. ह्यांनी मला पहाटे तडवळ्याला सोडलं आणि येडशीच्या चौकात जाऊन चहा पीत बसले, मी जुन्या लाईनीनं तिकडं यायचं असं ठरलं. माझ्या घड्याळात तेरा-चौदा किलोमीटर होतेत, थोडं इकडं तिकडं धरून, कारण पट्टा सलग नाही, कुठं चांगली गाडीवाट झालीय, कुठं शेतात मोडून घेतलाय आणि वर तूर उभी, कुठं बाभळ इतकी की वाकून जावं लागतं. पण मधेच एखादी घडीव दगडाची मोरी लागते, चुन्यात बांधलेली, खालून ओढा, आणि तिच्या कठड्यावर बसलं की एकदम कळतं आपण कशावरून पळायलोय. असो. तर निघाले, बॅग भरलेली, आणि दहा मिनिटांत पाठीवर डुचमळ डुचमळ सुरू. घागर डोक्यावर घेऊन पळाल्यासारखा आवाज. मला वाटलं बॅगच खराब, नंतर कळलं की चूक माझी, पिशवीत हवा राहिली होती. पिशवी भरली की झाकण लावून उलटी धरायची आणि नळीतनं हवा ओढून घ्यायची, तोंडात पाणी येईपर्यंत. मग आवाज बंद. ही साधी गोष्ट बॉक्समधल्या कागदावर नाही, कागदावर फक्त 'लहान मुलांपासून दूर ठेवा'.

डुचमळीपेक्षा वाईट ती बोंडी. तिला मधे एक चीर असते, दाताखाली दाबली की उघडते आणि सोडली की आपोआप मिटली पाहिजे. मिटतच नाही. थेंब थेंब थेंब, सगळं छातीवर. अर्ध्या तासात ड्रेस ओला, आणि खरी चिडचिड म्हणजे मोबाईलचा खिसा बरोबर त्याच्याच खाली दिलाय. डिझाइन करणाऱ्यानं काय विचार केला देव जाणे. मोबाईल काढला तर स्क्रीनवर पाणी, बोट चालंना, ह्यांना फोन लागंना. एका शेतात एक आजोबा हरभऱ्याला पाणी द्यायलेले, माझ्याकडं बघून मोटर सोडून बांधावर आले.

"काय झालं माय, कोण मागं लागलंय का?"

"नाही आजोबा, असंच पळायलेय."

"असंच?" मग त्यांची नजर नळीकडं गेली. "अन् हे काय, सलाईन लावून पळायलाव व्हय?"

मी हसता हसता खालीच बसले. त्यांनी त्यांचा गमजा दिला मोबाईल पुसायला, आणि बोरीखाली ठेवलेल्या केळीतनं पाणी. केळी म्हणजे मातीची, फळ नाही, हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. ते पाणी प्यायले आणि माझ्या दोन हजाराच्या बॅगेतल्या पाण्याला पहिल्यांदा प्लास्टिकचा वास आहे हे कळलं. आजोबा म्हणाले, हितनं गाडी जायची तेव्हा चढाला इतकी हळू व्हायची की आम्ही पोरं उतरून, बोरं तोडून, परत बसायचो. हे मी सासूबाईंकडून पण ऐकलंय, आणि बार्शी लाईटमधनं गेलेला प्रत्येक माणूस हेच सांगतो, त्यात बोरं कधी चिंचा होतेत एवढंच.

घरी आल्यावर कस्टमर केअरला मेल टाकला. त्यांनी व्हिडिओ मागितला, मी बेसिनवर लटकवून थेंबांचा व्हिडिओ काढून पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं की बोंडी जोरानं चावू नये, ओठांनी हलकेच दाबावी. म्हणजे चूक माझ्या दातांची. परत लिहिलं तर म्हणे रिटर्नची मुदत सात दिवस होती. बॅग घेतली ऑगस्टात, लांबचा रन दिवाळीनंतर, बरोबर आहे त्यांचं पण. स्पेअर बोंडी मिळते का विचारलं तर 'आउट ऑफ स्टॉक', आजतागायत आउट ऑफ स्टॉकच आहे, मी दर महिन्याला बघते, आता सवय लागलीय.

शेवटी उपाय माझ्या दुकानातच सापडला. सलाईनच्या सेटला जो चाकाचा क्लॅम्प असतो तो लावून बघितला, आजोबांच्या बोलण्यावरूनच सुचलं, पण ती नळी बारीक आणि ही जाड, बसला नाही. मग दुसरी एक क्लिप बसली, अगदी मापाची, खटकन दाबली की पाणी बंद. आता ती कशाची ते सांगते, हसू नका, ती युरिन बॅगच्या नळीची आहे. नवीन, कोरी, पाकिटातली. तेव्हापासून एक थेंब गळालेला नाही. कंपनीनं ही पाच-दहा रुपयांची गोष्ट स्वतःच दिली असती तर हा रिव्ह्यू अर्ध्यात संपला असता.

प्लास्टिकचा वास जायला खायचा सोडा आणि लिंबू, कोमट पाणी घालून रात्रभर ठेवलं, दोनदा केलं, नव्वद टक्के गेला. धुण्याचं सांगते कारण हे कुणी सांगत नाही. पिशवी ओली ठेवली की आत काळे ठिपके धरतेत, बुरशीच ती. तोंड इतकं लहान की हात आत जात नाही, वाळता वाळत नाही. मी आता पाणी झटकून सरळ फ्रीजरमधे टाकते, मटारच्या पिशवीशेजारी, बुरशी धरायचा प्रश्नच नाही. नळी साफ करायला परकराची नाडी ओवायची पिन आणि जाड दोरा, दोऱ्याला मधे मधे गाठी मारायच्या, पिन एका टोकानं सोडायची, दुसऱ्या टोकानं ओढायची, जे निघतं ते बघून परत न धुता प्यायची हिंमत होणार नाही.

आणि पाण्याशिवाय त्यात काही घालू नका. हे मी अनुभवानं सांगते. येळवशीला आम्ही सगळे शेतात होतो, वेळ अमावस्या म्हणजे लातूर-धाराशिवकडं गावं ओस, सगळे शेतात. मी पळत पळत शेतात येते म्हणलं, बाकीचे गाडीनं. लाईनच्या कडंनं जिथं जाईन तिथं लोक हाका मारायलेले, ओ ताई या की जेवायला, भज्जी खाऊन जा, तीन ठिकाणी थांबले, अशानं पळणं कसलं होतंय. परत निघताना दिरानं हौसेनं छातीवरच्या बाटलीत आंबील भरून दिली, वहिनी हे खरं एनर्जी ड्रिंक. ज्वारीचं पीठ आणि ताक, त्यात लसूण-जिरं, बाटलीच्या बोंडीच्या चिरीत जे जाऊन बसलं ते सुईनं काढावं लागलं, आणि वास मकरसंक्रांतीपर्यंत टिकला. आंबील तांब्यातनंच प्यावी.

क्षाराचं मात्र बघावंच लागतं, दीड-दोन तासांच्या पुढं पळणार असाल तर. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं अजून पाणी पाहिजे. मी ओआरएसचं पाकीट घेते, साधं, २०.५ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यात एक. लोक काउंटरवर अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट घालतेत आणि वर सांगतेत स्ट्राँग झालं, तसं करू नका, प्रमाण बिघडलं की उलट त्रास. मी अर्धं-अर्धं करून छातीवरच्या दोन बाटल्यांत घालते, मागच्या पिशवीत साधं पाणी. साखर असल्यामुळं बाटल्या लगेच धुवायच्या, नाहीतर सकाळी मुंग्यांची रांग, फ्रीजच्या मागून थेट बॅगेपर्यंत.

मापाचं. 'युनिसेक्स' लिहिलंय, म्हणजे पुरुषांची. छातीवरचे दोन पट्टे आम्हा बायकांना जिथं नको बरोबर तिथं येतेत, आणि खांद्याच्या हाडाशी शिवण अशी घासते की पहिल्या आठवड्यात दोन्हीकडं लाल पट्टे. खोबरेल लावून बघितलं, घामात वाहून जातं, व्हॅसलिन टिकतं. शेवटी गंजगोलाईत नेली. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतेत, त्यातल्या कुठल्या रस्त्याला माझा शिंपी बसतो हे मला अजून एका दमात सांगता येत नाही, चुकत चुकतच जाते. त्यानं बॅग उलटीपालटी करून बघितली, म्हणाला शाळेची आहे का. पट्टे दोन बोटं वर घेऊन दिले आणि शिवणीवर मऊ कापडाची पट्टी मारली, १२० रुपये. आता अंगाला लागते म्हणून सांगायला सोय नाही. म्हणजे बॅगची खरी किंमत २,२६९ धरा.

कापड मात्र चांगलं निघालं, हे मानलं पाहिजे. येड्या बाभळीच्या काट्यातनं किती वेळा वाकून गेलेय, जाळी एका जागी उसवलीय तेवढंच. बुटाला काटा आरपार जातो तिथं हे काहीच नाही. माकडानं पण परीक्षा घेतली. येडशीला रामलिंगाला गेलो होतो पळून झाल्यावर, दर्शन घेतलं, जटायूच्या समाधीशी बॅग काढून दोन मिनिटं कठड्यावर ठेवली, तेवढ्यात एकानं नळी धरून ओढली आणि दात लावले. नळीवर खुणा आहेत, गळत नाही. जोरानं चावू नये हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते, कारण खरी कसोटी तिथं. मार्चच्या शेवटाला सकाळी आठनंतर नळीतला पहिला घोट चहासारखा येतो, कारण नळी बाहेर उन्हात, पिशवी आत पाठीला. युक्ती अशी की पाणी प्यायल्यावर नळीत फुंकर मारायची, नळीतलं पाणी परत पिशवीत जातं, पुढचा घोट गार. आणि पिशवी आदल्या रात्री अर्धी भरून आडवी फ्रीजरमधे, सकाळी वरून पाणी. दोन तास गारवा राहतो आणि पाठीला पण बरं वाटतं. एकदा मी जायच्या आधी आणि आल्यावर वजन केलं, मधे सव्वा लिटर पाणी पिऊनसुद्धा ९०० ग्रॅम कमी भरलं. म्हणजे दोन लिटरच्या वर घाम गेला दोन तासांत. तेव्हापासून अडीच किलो वजनाबद्दल कुरकुर बंद केली.

ह्या एप्रिलात लातूरपासनं हरंगुळच्या पुढं लाईनच्या कडंनं पळत होते, मालगाडी गेली शेजारून, वाघिणी मोजायची सवय आहे, आपसूक मोजल्या. २०१६ ला ह्याच लाईनीवर आम्ही वाघिणी मोजत उभे राहायचो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं धनेगावचं, टँकर आठ-दहा दिवसांनी, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमधे जमावबंदी लावलेली, १४४ कलम, पाण्यासाठी. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली जलदूत, म्हणजे पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची यायला लागली, पंचवीस लाख लिटर. मिरजेहून ३४२ किलोमीटर, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, म्हणजे थोडंफार तेच कॅलथ्रॉपच्या बारक्या गाडीचं पाऊल. अडीच फुटी असती तर काय आणलं असतं पाणी. तेव्हा दुकानात हात धुवायला सॅनिटायझर वापरायचो, करोनाच्या चार वर्षं आधी. पोरगी दुसरीत होती, तिनं शाळेत 'आमचं पाणी रेल्वेनं येतं' असं लिहिलं आणि पुण्याच्या मावशीला वाटलं गंमत केली. त्यामुळं साइटवर कुणीतरी 'दीड लिटर ही खूप जास्त कपॅसिटी आहे, अर्धा लिटर पुरेसं' असा रिव्ह्यू टाकलाय ना, तो वाचून मला काय वाटलं असेल ते समजून घ्या. बागेत गोल गोल पळत असणार.

स्टार द्यायचे तर साडेतीन. अर्धा स्टार शिंप्याचा आहे, तो कंपनीला देत नाही, म्हणजे तीनच धरा. घेऊ का म्हणून विचाराल तर रोडवर पाच-दहा किलोमीटर पळणाऱ्यांनी घेऊ नका, उगं ओझं. लांब जाणार असाल, लाईनकडंनं, माळावरनं, जिथं तासभर माणूस भेटत नाही, तिथं घ्याच. सेल असतानाच घ्या, मूळ किंमत टाकलीय ती साडेचार हजार, त्या किमतीला कुणी घेत असेल असं वाटत नाही. आल्या आल्या पाणी भरून रात्रभर लटकवा, सात दिवसांच्या आत, माझ्यासारखं दिवाळीपर्यंत थांबू नका. एक नंबर मोठी घेऊन पट्टे आवळण्यापेक्षा मापाची घेऊन शिंप्याकडं न्या.

आणि बोंडी गळालीच तर लातूरकरांनी माझ्या दुकानात या, क्लिप मी फुकट देते, बरणीभर काढून ठेवल्यात. फक्त गर्दीत कशासाठी पाहिजे ते मोठ्यानं सांगू नका, मागच्या आठवड्यात एक जण 'ताई ती युरिन बॅगची क्लिप, मला पळायला पाहिजे' असं म्हणाला आणि शेजारच्या काकूंनी त्याला बसायला स्टूल दिलं.